पिचरांची यादी आणि न मोजलेली माणसे

बेसबॉल मी कधी खेळलो नाही. मैदानात बसून पाहिलाही नाही. इतिहासाचा मास्तर म्हणून माझे आयुष्य गेले आणि काळ्या अमेरिकनांच्या लढ्याचा इतिहास हा आमच्या पिढीच्या वाचनाचा एक भागच होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्या वाटेने वाचत वाचत मी काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगपर्यंत येऊन पोहोचलो. (निग्रो हा शब्द त्या समाजाने आता टाकून दिला आहे, येथे तो केवळ संस्थेचे नाव म्हणून येईल.) आणि तेथे मला एक यादी भेटली. ती यादी माझ्या मनातून जात नाही. का जात नाही, ते शेवटी सांगेन.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर. आपल्या गोलंदाजासारखाच, पण त्याच्यावरचा भार अधिक. क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांनी गोलंदाज बदलत राहतात. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर एकटाच शंभराच्या आसपास, कधी त्याहून अधिक चेंडू टाकतो आणि त्या काळी तर अनेकदा तोच सामना शेवटपर्यंत नेई. मग त्याच्या हाताला तीन-चार दिवसांची विश्रांती द्यावीच लागते. १९४८ साली प्रत्येक मोठ्या संघाला एप्रिल ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत १५४ सामने खेळायचे असत. म्हणून एका थोर पिचरवर हंगाम निभावत नाही. चार भरवशाचे पिचर लागतात, आणि त्यांच्यामागे आणखी दोन-तीन असे लागतात की जे कोणाचा हात दुखावला, कोणाचा सूर हरवला, तर उभे राहतील. हंगामापूर्वी मार्च महिन्यात सराव शिबिर भरते. तेव्हा प्रत्येक व्यवस्थापक हीच मोजणी करीत असतो. पहिली फळी कोणती, मागची फळी किती भक्कम आहे आणि कोठे कमी पडणार आहे?

१९४८ च्या मार्चमध्ये क्लीव्हलँड इंडियन्स हा संघ (२०२१ च्या हंगामानंतर त्याचे नाव गार्डियन्स झाले) ॲरिझोनातील टूसॉन येथे शिबिरात होता. संघाचा मालक बिल विक, आणि व्यवस्थापक लू बुद्रो, जो स्वतः खेळाडूही होता. त्यांच्यापुढची यादी अशी : सर्वांत वर बॉब फेलर. १९३६ साली सतराव्या वर्षीच मोठ्या संघात आलेला, १९४७ मध्ये २० सामने जिंकलेला. त्याच्याखाली बॉब लेमन, जो मुळात क्षेत्ररक्षक आणि नंतर पिचर झालेला. डॉन ब्लॅक, ज्याने आदल्या वर्षी एका सामन्यात प्रतिपक्षाला एकही फटका मिळू दिला नव्हता. स्टीव्ह ग्रोमेक, ज्याने १९४५ मध्ये १९ सामने जिंकले होते, पण नंतर तो मागे पडला होता. आणि जीन बेअर्डन हा नवखा माणूस. कागदावर यादी बरी होती. परंतु फेलरच्या मागे खात्रीचे असे कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

याच शिबिरात लॅरी डोबी हा संघाचा काळा खेळाडू होता. जुलै १९४७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये आलेला तो पहिला काळा माणूस. संघाचे इतर लोक ज्या हॉटेलात उतरले तेथे त्याला खोली मिळाली नाही. त्याला गावातील एका काळ्या कुटुंबाकडे राहावे लागले. सकाळी मैदानात एकत्र, रात्री वेगळे. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

आता यादीत कोण नव्हते ते पाहू. त्याच क्लीव्हलँड शहरात बकाईज नावाचा काळ्यांचा संघ होता. त्याने १९४५ साली निग्रो लीगची विश्वमालिका जिंकली होती. १९४७ आणि १९४८ मध्ये सॅम जोन्स नावाचा तरुण पिचर या बकाईजकडून खेळत होता. हाच जोन्स पुढे १९५१ मध्ये क्लीव्हलँड इंडियन्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरला, आणि मे १९५५ मध्ये शिकागो कब्जकडून खेळताना त्याने प्रतिपक्षाला एकही फटका मिळू न देता सामना जिंकला. मोठ्या लीगमध्ये असे करणारा तो पहिला काळा पिचर. १९४८ च्या मार्चमध्ये तो मागच्या फळीच्या चिंतेत बसलेल्या माणसांच्याच शहरातला खेळाडू होता. यादीत त्याचे नाव नव्हते. आणि कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे एक उंच, सडपातळ पिचर होता. त्याचे नाव लिरॉय पेज. जग त्याला सॅचेल पेज म्हणून ओळखत होते. तोही यादीत नव्हता.

हे ‘नसणे’ कसे घडले, याला इतिहास आहे. १८८७ साली न्यूअर्क संघाकडे जॉर्ज स्टोव्ही नावाचा काळा पिचर होता. त्या हंगामात त्याने तीसहून अधिक सामने जिंकले. त्या वर्षी १४ जुलैला शिकागोच्या बलाढ्य संघाशी न्यूअर्कचा सामना होता. शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन काळ्या खेळाडूसमोर उतरायला तयार नव्हता. स्टोव्हीला बाहेर ठेवले गेले. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंचे करार मान्य करायचे नाहीत असे ठरवले. पुढे मोठ्या लीगांमध्ये असा नियम कोठेही लिहिला गेला नाही. तो लिहिण्याची गरजच पडली नाही. बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी तर १९४२ साली जाहीर सांगितले की काळ्या खेळाडूंना बंदी करणारा कोणताही नियम अस्तित्वात नाही. ते अक्षरशः खरे होते. गावच्या पाणवठ्यावर तरी कोठे पाटी लावलेली असे?

नियम नाही, पण माणूसही नाही. मग प्रस्थापितांना एकच स्पष्टीकरण उरते : त्या तोडीचा कोणी नाही. पन्नास-साठ वर्षे हेच सांगितले गेले.

ते खोटे होते हे पाहायला फार लांब जावे लागत नव्हते. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच वर्षांत विद्यापीठाजवळच्या हार्लेम भागात लिंकन जायंट्स हा काळ्यांचा संघ खेळत असे, आणि स्मोकी जो विल्यम्स हा त्याचा पिचर होता. त्या शहरात मोठ्या लीगचे तीन संघ होते. विल्यम्सला तिन्हींमध्ये जागा नव्हती. १९९९ साली बेसबॉलच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले, तेव्हा तो हयात नव्हता.

दार बंद आहे म्हटल्यावर काळ्या माणसांनी आपले घर बांधले. रूब फॉस्टर हा स्वतः मोठा पिचर. त्याच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. या लीगांतील खेळाडू रात्रीचा बसप्रवास करीत. वाटेतल्या हॉटेलांत त्यांना जेवण मिळत नसे. लीगच्या सामन्यांखेरीज गावोगावी प्रदर्शनी सामने खेळून पोट भरावे लागे. त्यामुळे पेजसारखा पिचर गोऱ्या पिचरांपेक्षा कमी नव्हे, अधिक चेंडू टाकीत होता. पण त्याचे आकडे कोणत्या वहीत लिहायचे? ज्या वहीवरून व्यवस्थापक मार्चमध्ये मोजणी करीत, त्या वहीत त्याच्या नावाचे पानच नव्हते.

सॅचेल पेजचा जन्म १९०६ चा, अलाबामातील मोबील गावचा. लहानपणी रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या बॅगा वाहत असे, त्यावरून ‘सॅचेल’ हे नाव पडले. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीसाठी त्याची माउंट मेग्सच्या सुधारगृहात रवानगी झाली. चेंडू टाकण्याचे शिक्षण त्याला तेथे मिळाले. १९४२ साली मोनार्क्सनी निग्रो विश्वमालिका जिंकली तेव्हा तो त्यांचा प्रमुख पिचर होता. १९४६ च्या शरद ऋतूत त्याचा संघ आणि बॉब फेलरचा संघ गावोगाव एकमेकांविरुद्ध खेळत फिरले. म्हणजे क्लीव्हलँडच्या यादीतला पहिला माणूस, यादीत नसलेल्या या माणसासमोर उभा राहिलेला होता. तो काय ताकदीचा आहे हे सर्वांना ठाऊक होते.

१९४८ चा हंगाम सुरू झाला. फेलरचा सूर लागेना. अमेरिकन लीगमध्ये क्लीव्हलँड, बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांच्यात चुरस वाढली. जूनमध्ये विकने सेंट लुईस ब्राऊन्सकडून सॅम झोल्डॅक हा डावखुरा पिचर घेतला आणि त्यासाठी एका खेळाडूशिवाय एक लाख डॉलर मोजले. झोल्डॅक बरा पिचर होता, थोर नव्हता. तुलनेसाठी एक आकडा देतो. आदल्या वर्षी लॅरी डोबीसाठी क्लीव्हलँडने काळ्यांच्या न्यूअर्क ईगल्स संघाच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांना दिलेली रक्कम सगळी मिळून १५,००० डॉलर होती. आणि जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला तेव्हा त्याच्या मोनार्क्स संघाला एक पैसाही मिळाला नव्हता.

एक लाख डॉलर मोजूनही फळी अपुरीच राहिली. तेव्हा ७ जुलै १९४८ रोजी, त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, विकने सॅचेल पेजशी करार केला. बेसबॉलच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकाच्या संपादकाने हा गर्दी जमवण्याचा पोरखेळ आहे अशी टीका केली. पेज गोरा असता तर विकने त्याच्याकडे पाहिलेही नसते, असा त्याचा मुद्दा होता. वाचकांनी या युक्तिवादाकडे नीट पाहावे. पेज गोरा असता तर विसाव्या-बाविसाव्या वर्षीच घेतला गेला असता, ही साधी गोष्ट त्या संपादकाला सुचली नाही. वीस वर्षे दाराबाहेर उभे करायचे आणि मग विचारायचे, की तुम्ही इतक्या उशिरा कसे आलात!

९ जुलैला पेज मैदानात उतरला. मोठ्या लीगमध्ये इतक्या वयात पदार्पण केलेला दुसरा खेळाडू नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने पहिल्यांदा सामन्याची सुरुवात केली तेव्हा ७२,४३४ प्रेक्षक आले होते. २० ऑगस्टला शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध त्याने एकही धाव दिली नाही आणि क्लीव्हलँड १-० ने जिंकले. त्या दिवशी ७८,३८२ लोक होते. हंगामअखेर त्याचा हिशेब असा : २१ सामने, त्यांतील ७ स्वतः सुरू केलेले, ६ विजय, १ पराभव. सप्टेंबरमध्ये डॉन ब्लॅक फलंदाजी करतानाच मेंदूतील रक्तस्रावाने कोसळला. तो पुन्हा कधी खेळला नाही. मार्चमधल्या यादीतले एक नाव असे गळाले. फळीच्या मागे आणखी फळी का लागते, ते अशा वेळी कळते.

१५४ सामने संपले तेव्हा क्लीव्हलँडचे ९६ विजय होते आणि बोस्टन रेड सॉक्सचेही ९६. पेजच्या सहांतला एक विजय कमी असता तर क्लीव्हलँडचा हंगाम तेथेच संपला असता. ४ ऑक्टोबरला बोस्टनच्या मैदानावर निर्णायक सामना झाला. क्लीव्हलँडने बेअर्डनला उतरवले. मार्चमध्ये जो नवखा होता त्याचे आता १९ विजय झाले होते. बोस्टनचा व्यवस्थापक जो मॅकार्थी याने ३६ वर्षांच्या डेनी गेलहाउसला उतरवले. चौथ्या डावात गेलहाउसला बाहेर काढावे लागले. क्लीव्हलँड ८-३ ने जिंकले. मॅकार्थीपुढे मेल पार्नेलसारखा दुसरा पर्यायही होता, आणि ही निवड का केली यावर बोस्टनचे लोक कित्येक वर्षे वाद घालीत राहिले.

तो वाद मी बाजूला ठेवतो. मला वेगळीच तारीख आठवते. १६ एप्रिल १९४५ रोजी याच मैदानावर बोस्टन रेड सॉक्सने तीन काळ्या खेळाडूंची चाचणी घेतली होती. जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स. राजकीय दबाव आला म्हणून चाचणी घेतली. नंतर तिघांनाही कोणी बोलावले नाही. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू उतरवला तो जुलै १९५९ मध्ये, मोठ्या लीगच्या सर्व संघांमध्ये सर्वांत शेवटी. एका सामन्याने हुकलेल्या संघाने कोणकोणती माणसे मोजलीच नव्हती, हा प्रश्न गेलहाउसच्या निवडीपेक्षा मोठा आहे.

विश्वमालिकेत क्लीव्हलँडने बोस्टनच्याच ब्रेव्हज संघाला हरवले. चौथ्या सामन्यात मागच्या फळीतल्या ग्रोमेकला संधी मिळाली आणि डोबीच्या फटक्याच्या जोरावर तो २-१ ने जिंकला. सामन्यानंतर ग्रोमेक आणि डोबी गालाला गाल लावून हसताहेत असे छायाचित्र वर्तमानपत्रांतून छापले गेले. गोरा आणि काळा माणूस अशा मिठीत त्या देशातील वाचकांना क्वचितच दिसला होता. दुसऱ्या दिवशी, ८६,२८८ प्रेक्षकांसमोर, सॅचेल पेज विश्वमालिकेत चेंडू टाकणारा पहिला काळा पिचर ठरला. त्याला दोन फलंदाज बाद करण्यापुरतीच संधी मिळाली.

मराठी वाचकाला येथे बाळू पालवणकर आठवल्यावाचून राहणार नाही. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखीत आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि त्यासाठी असा डावखुरा फिरकी गोलंदाज त्यांच्याकडे नव्हता. चांभार म्हणून घ्यावे की न घ्यावे यावर खल झाला; शेवटी घेतले. मैदानात चेंडू एकच. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

दोन्हीकडे दार उघडले ते गरजेने. गरजेने उघडलेल्या दारातून मोजकीच माणसे आत येतात, आणि गरज सरली की ती बाहेर जातात. १९४९ च्या हंगामानंतर विकने क्लीव्हलँडचा संघ विकला आणि पेजचे कामही गेले. विकने दुसरा संघ घेतला तेव्हाच, १९५१ मध्ये, तो परत आला. अमेरिकन लीगमध्ये एका हंगामात २० सामने जिंकणारा पहिला काळा पिचर मडकॅट ग्रँट. ते वर्ष होते १९६५, पेजच्या पदार्पणानंतर सतरा वर्षे! पिचर म्हणजे डोके चालवणारा माणूस, सामन्याची सूत्रे हातात घेणारा. क्षेत्ररक्षणासाठी पाय दिले तर चालतील, पण ही जागा? येथे दार सर्वांत हळू उघडले.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. निवडक माणसे तिकडे गेली आणि प्रेक्षकही त्यांच्यामागे गेले. एफा मॅन्ली यांची निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. बकाईजही फार काळ टिकले नाहीत. समाजाने पोटाला चिमटा घेऊन उभ्या केलेल्या संस्था, त्यांचे मालक, व्यवस्थापक, पंच, यांना त्या दारातून कोणी आत घेतले नाही. मोठ्या लीगमध्ये पहिला काळा व्यवस्थापक आला तो १९७५ मध्ये. त्याचे नाव फ्रँक रॉबिन्सन, आणि संघ क्लीव्हलँडचाच.

१९७१ साली पेजचे नाव सन्मानदालनासाठी ठरले तेव्हा निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळा कक्ष करायचा बेत होता. म्हणजे तेथेही वेगळे भांडे! लोक संतापले आणि बेत सोडावा लागला. १९८२ मध्ये पेज वारला. डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या सत्ताधीशांनी १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगांना मोठ्या लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये तेथील आकडे अधिकृत वहीत चढवले. तोवर पेजच्या नावावर २८ विजय होते; त्या दिवशी ते १२५ झाले. पेज मरून ४२ वर्षे झाली होती. त्याने त्या दिवशी एकही चेंडू टाकला नाही. वही बदलली.

आता ती यादी माझ्या मनातून का जात नाही ते सांगतो.

मी नोकरीच्या शोधात होतो तेव्हा एका महाविद्यालयातील राखीव जागेच्या मुलाखतीला तीनदा गेलो. तिन्ही वेळा शेरा तोच : योग्य उमेदवार उपलब्ध नाही. त्या शेऱ्याचा राग मी कित्येक वर्षे सभांतून बोलून दाखवला आहे. पुढे मला नोकरी मिळाली, वय वाढले, आणि मी स्वतः एका निवड समितीवर जाऊन बसलो. समोर आपल्याच वस्तीतून आलेली एक मुलगी होती. तिने सहा वर्षे रात्रशाळेत शिकवले होते, सुट्ट्यांमध्ये वस्तीतल्या मुलांचे वर्ग घेतले होते. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘मान्यताप्राप्त अनुभव’ असा रकाना होता. रात्रशाळा त्या रकान्यात बसेना. तेथे शून्य लिहिले गेले. समितीतल्या गृहस्थांनी शेरा तयार ठेवलाच होता. मी म्हणालो, नियमात बसत नाही खरे. आणि सही केली.

तो रकाना कोणी आखला, हे मी विचारले नाही. पेजने वीस वर्षे टाकलेले चेंडू ज्या वहीत नव्हते, तशीच ती एक वही होती, आणि ती या वेळी माझ्या हातात होती. कमतरता त्या मुलीत नव्हती, मोजणाऱ्यांमध्ये होती; आणि मोजणाऱ्यांमध्ये मी होतो.

आज आपली अनेक माणसे अशा समित्यांवर बसतात. संस्था चालवतात, याद्या करतात, पुरस्कार ठरवतात. हंगामापूर्वीची मोजणी आता काही ठिकाणी आपल्याही हाती आहे. ‘माणसेच मिळत नाहीत’ हे वाक्य आपल्या तोंडी येऊ लागले, तर त्याआधी आपण कोणती वही उघडली आहे ते पाहावे. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना आपली वही दुरुस्त करायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर ज्यांचे आकडे होते ते जवळजवळ सगळेच गेले होते. ती मुलगी हयात आहे. पुढच्या वर्षी त्याच जागेची पुन्हा जाहिरात आली तेव्हा तिने अर्ज केला नव्हता.